इराकी एक कॉलम, बाकी अरब दुसरा

३ नोव्हेंबर, सोमवार

काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी डोकं उठलं.

आमच्या संस्थेला प्रकल्प मिळालाय: शहरात येऊन राहिलेली इराकी आणि इतर अरब कुटुंबं, त्यांची सामाजिक व आर्थिक स्थिती, तुलनात्मक अभ्यास. घरोघर फिरायचं काम माझ्याकडं. चौऱ्याहत्तर प्रश्नांची प्रश्नावली कुठल्यातरी थंड देशातून उचललीय, कारण अडतिसावा प्रश्न 'घर गरम ठेवण्याची सोय आहे का' असा आहे. मी म्हटलं, सर, इथं कूलरचं विचारायला पाहिजे. विश्वजीत सर म्हणाले, "आहे तसं राहू दे. तुलनेला सोपं जातं."

मग खरी शंका विचारली. इराकीसुद्धा बहुतेक अरबच, मग तुलना कुणाची कुणाशी? सरांनी लॅपटॉपमधून मान वर काढली नाही. "इराकी एक कॉलम, बाकी अरब दुसरा. इतकं खोलात शिरू नकोस."

घरी येऊन आबांपुढं कुरकुर केली, तर म्हणाले, "मालकाचा पोरगा सांगतो तसं करावं." मेंढरं विकून आबा मुकुंदवाडीला माझ्याकडं राहायला आले त्याला दोन वर्षं झाली, पण त्यांच्यासाठी सर अजून फुलंब्रीच्या आप्पासाहेबांचे चिरंजीवच आहेत. आप्पासाहेबांच्या रानात आमचा कळप खतासाठी बसायचा. ही नोकरी त्या ओळखीवर लागली असं आबा चारचौघांत सांगतात. मी नेट पास आहे, हे कुणीच सांगत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पडेगाव. अवद चाऊस, वय त्रेसष्ट, टायरचं दुकान. हे दुसऱ्या कॉलममधले. निजामाच्या फौजेत अरबस्तानातून जे शिपाई आले, त्यांच्या वंशजांना इथं चाऊस म्हणतात. ही आपली 'स्थलांतरित' मंडळी.

प्रश्न तिसरा: या देशात कधी आलात?

"मैं कब आया बेटा? मैं तो घाटी के दवाखाने में पैदा हुआ."

मूळ देश?

"पडेगाव लिख."

म्हटलं, काका, तो देश नाही.

"तो हैदराबाद लिख. हमारे दादा के जमाने में वोइच मुल्क था."

मी रिकामं सोडलं. मग त्यांनीच मला विचारायला सुरुवात केली. कुठली? फुलंब्रीकडची. शहरात कधी आलीस? अकरावीला. किराए का घर? हो. ते म्हणाले, "फिर तो तू मेरे बाद में आई. कागद मेरेकू दे, मैं पूछता, तू बोल." दुकानातली दोन गिऱ्हाईकं हसली. चाळीस मिनिटं गेली आणि चौऱ्याहत्तरातले एकोणीस प्रश्न भरले. चहा मात्र चांगला होता.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अख्ख्या शहरात इराकी घरं सापडली अकरा. कुठं अकरा आणि कुठं दुसऱ्या कॉलमची एकशे चाळीस! सर म्हणतात, अकरा तर अकरा, टक्केवारी काढली की दिसत नाही.

त्या अकरांतले एक गृहस्थ कुर्द निघाले. "इराकी लिहा, अरब लिहू नका," असं त्यांनी तीनदा बजावलं. एक दातांचे डॉक्टर आहेत, दोन दवाखाने, अपॉइंटमेंटशिवाय भेटत नाहीत. त्यांनी सगळी उत्तरं सहा मिनिटांत दिली आणि माझी अक्कलदाढ काढावी लागेल असं सांगितलं. उरलेले बहुतेक विद्यापीठात शिकायला आले आणि मागं काही उरलं नाही म्हणून इथंच राहिले.

संध्याकाळी बेगमपुऱ्यात सुहैर भेटली. बेचाळीस वर्षांची. नवरा पीएच.डी. करायला आला होता, कोरोनात गेला. मुलगी रीम दहावीत, इथल्याच शाळेत, माझ्याशी मराठीत बोलली. सुहैरचं हिंदी भाजीवाल्यांकडून शिकलेलं, त्यामुळं भाव करताना पक्कं आणि बाकी वेळी तुटक. व्हिसा दर वर्षी वाढवून घ्यावा लागतो.

उत्पन्न? "शून्य."

मग घर कसं चालतं? "चलता है."

तिनं विचारलं, हा कागद कुठं जातो. मी नीट समजावलं की कागदावर नाव नसतं, फक्त क्रमांक. तुमचा इ-७. नाव-पत्ता माझ्या वहीत आणि वही माझ्या पिशवीत. तिनं पिशवीकडं बघितलं, परत विचारलं. परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला राग आला. एवढं शिकलेली बाई, संशोधन म्हणजे काय हे कळू नये?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सरांनी इ-७ चा कागद परत केला. "शून्य म्हणजे काय? शून्यावर माणूस जगतो का? आकडा आण."

बरोबरच आहे. एका घराच्या खोट्या शून्यानं अकरा घरांची सरासरी बिघडते. म्हणून आज न सांगता गेले, दुपारी चारला. दारात चपलांचे सात जोड. आत सात मुली सतरंजीवर बसलेल्या, आणि सुहैर त्यांच्याकडून अरबीत घोकून घेत होती. कुठं दुखतं. हात वर करा. पाणी पाहिजे का. आखातात नोकरीला निघालेल्या नर्स होत्या.

मला बघून ती थांबली. म्हणाली, "सहेलियाँ हैं." मीही हो म्हटलं, काळा चहा घेतला, रीमच्या चाचणी परीक्षेचं विचारलं. निघताना गेटपाशी त्यातली एक मुलगी गाठली, बदनापूरची. महिन्याची फी किती म्हणून सहज विचारलं. तिनं सांगितली. गुणिले सात, गुणिले बारा.

शून्य खोडून आकडा घातला. फार दिवसांनी एखादं काम नीट झाल्यासारखं वाटलं. संशोधनाला चिकाटी लागते ती अशी. सरांनाही सांगितलं, की पत्ते वहीत आहेत म्हणून परत जाऊन खात्री करता आली. ते म्हणाले, "शाब्बास." हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शाब्बासकी सहा दिवस टिकली.

आज तक्ते लागले. इराकी मागं आहेत. थोडेच, पण मागं. सरांचा चेहरा उतरला, कारण प्रकल्प मागताना त्यांनी 'इराकी समुदाय तुलनेने पुढे असल्याचे दिसते' असं आधीच लिहून दिलं होतं. दिसते म्हणजे कुठून दिसलं, विचारायची सोय नाही.

"परत बघ," म्हणाले.

परत बघितलं. तेच आलं. मग बसल्या बसल्या एक गंमत केली. दातांचे डॉक्टर काढून टाकले, तर इराकी धाडकन खाली. सुहैरला काढलं आणि डॉक्टरांना ठेवलं, तर इराकी पुढे. एक माणूस इकडं की तिकडं, एवढ्यावर एक अख्खा समुदाय पुढं जातो नाहीतर मागं पडतो. आणि दुसऱ्या कॉलमात तर अवदकाकांच्या शेजारी तो येमेनी पोरगा बसवलाय, जो फार्मसी शिकायला आला आणि तिकडं लढाई पेटली म्हणून नऊ वर्षं अडकलाय. एकाला येऊन दीडशे वर्षं झाली, दुसऱ्याचं सामान अजून बॅगेत आहे. दोघांची मिळून सरासरी.

सरांना सांगायला गेले, तर म्हणाले, "तू हुशार आहेस, पण पसारा लई करतेस." 'लई' ते फक्त माझ्याशी बोलताना म्हणतात.

१ डिसेंबर, सोमवार

आज सरांनी दार लावून घेतलं. एका मोठ्या साहेबांना इराकी घरांची यादी हवी आहे. नाव, पत्ता, कोण काय कमावतं. पुढचा प्रकल्प त्यांच्या हातात आहे.

म्हटलं, सर, कागदांवर नावं नाहीत.

"वहीत आहेत ना. तूच म्हणालीस."

म्हटलं, लोकांना मी शब्द दिलाय.

"अगं, कुणी खाणारंय का त्यांना? ज्यांचं सगळं कायद्यात आहे त्यांना काय भीती? आणि नसेल तर ते आपण कशाला झाकायचं?"

मला नाही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "बघते सर." सरांसमोर माझं असं का होतं कळत नाही. चुलतभावांशी मी तासभर भांडू शकते, रिक्षावाल्याशी तर रोज भांडते. बाहेर आल्यावर जिन्यात उभं राहून मनातल्या मनात त्यांना सणसणीत उत्तर दिलं. फार उपयोग झाला नाही.

सुहैरच्या व्हिसावर कमाई चालते की नाही, हे मला नक्की माहीत नाही. पण चालत असती तर ती शून्य कशाला म्हणाली असती? हा विचार अठरा तारखेला का आला नाही? आला असेल. मी आकडा लावण्यात गर्क होते.

३ डिसेंबर, बुधवार

मी यादी देईना म्हणून सरांनी आबांना फोन केला. तीस वर्षांच्या बाईची तक्रार बापाकडं. संतापानं भाकरी करपली.

आबांनी तीच भाकरी खाल्ली. हात धुतल्यावर म्हणाले, "पोरगी ऐकत नाय म्हणत व्हता. म्या व्हय व्हय केलं."

म्हटलं, तुम्ही व्हयच करणार.

"फोनवर व्हय म्हणायला काय जातं." मग सुपारी कातरत बसले. मला वाटलं संपलं. "डोंगराकडं मेंढरं घेऊन जायचो, तवा जंगलाचा शिपाई धरायचा. म्हणायचा, तुव्हा दंड सोडतो, पर सांग, बाकीचे कळप कुठं बसलेत."

मग?

"मग काय. म्या दंड भरायचो."

सांगितलं का नाही कधी?

"सांगून पुन्हा त्याच डोंगरात कसं जावं माणसानं?"

एवढं बोलून आडवे झाले. दोन वर्षांत माझ्याशी एकदम इतकं बोललेले आठवत नाहीत. पण मेंढरांची गोष्ट वेगळी. इथं करार आहे, नियम आहेत, माझी नोकरी आहे. त्यांना हे कसं समजावणार?

४ डिसेंबर, गुरुवार

सुहैरकडं गेले. रीमला मध्ये बसवलं, म्हणजे एकही शब्द इकडचा तिकडं होऊ नये. म्हटलं, मी तुमचं शून्य खोडलं. बदनापूरच्या मुलीला विचारून आकडा घातला. आता एक माणूस तुमचा पत्ता मागतोय.

रीमनं आईला सांगितलं. सांगताना तिचा आवाज सपाट होत गेला. सुहैर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "चाय पिया था उस दिन?"

हो म्हटलं.

"चाय पीके पूछा, या पहले?"

नंतर, म्हटलं.

रीम मराठीत म्हणाली, "ताई, आईला तुम्ही आवडला होतात. ती म्हणाली होती, ही बाई परत येईल, बरं वाटलं." हे तिनं आईसाठी भाषांतर केलं नाही.

मी इ-७ चा कागद पुढं केला. नियमात आहे, माहिती देणारा कधीही माघार घेऊ शकतो. सुहैरनं तो दोन्ही बाजूंनी वाचला, मराठी वाचता येत नसताना. मग चार घड्या घालून रीमच्या दप्तरात ठेवला. शिकवणी आजपासून बंद, म्हणाली. मी म्हटलं, तशी गरज नाही. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी उठलेच.

मी खरं सांगायला गेले होते. खरं सांगूनही लोक असं वागतात, याला काय करावं?

५ डिसेंबर, शुक्रवार

सरांना म्हटलं, इ-७ नं माघार घेतली, कागद काढला. वाटलं, आता तोंडसुख घेतील. त्यांनी दहा घरांची सरासरी काढली आणि खुर्चीत मागं रेलले. इराकी पुढे.

"बघ," म्हणाले, "चुकीची माहिती निघून गेली की चित्र स्पष्ट होतं."

सुहैरला वाचवायला गेले आणि त्यांना हवं ते उत्तर माझ्या हातानं तयार करून दिलं. याच्यापेक्षा शून्य राहू दिलं असतं तर? तर इराकी आणखी मागं पडले असते, सरांनी तिला पुसूनच टाकलं असतं, आणि बेगमपुऱ्यात सात मुली अजून घोकत बसल्या असत्या.

"वही सोमवारी आण," सर म्हणाले.

८ डिसेंबर, सोमवार

वही नाही.

रविवारभर पिशवीतून काढली, ठेवली, काढली. आज पहाटे उठले तर आबा अंगणात चुलीपुढं बसलेले, आणि अंघोळीचं पाणी कधी नव्हे ते सहालाच तापलेलं. पुठ्ठा तेवढा बाजूला काढून ठेवला होता. म्हणाले, "पुठ्ठा धुपतो. वास येतो."

मी म्हटलं, आबा, ते सरकारी, म्हणजे संस्थेचं होतं. तुम्हाला वाचता येत नाही, कशाला हात लावला?

"वाचता येत नाय म्हणूनच," म्हणाले. "कुणी इचारलं तर सांग, बापानं जाळली. अडाणी हाय."

भांडायचं होतं. पाणी निवत होतं म्हणून अंघोळ करून घेतली.

सरांना मी आबांचं नाव सांगितलं नाही. म्हटलं, मी नष्ट केली. सरांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, "तुझा बाप आमच्या ओट्यावर कधी बसला नाही, माहितेय? उभा राहायचा. आणि तू." वाक्य पुरं केलं नाही. करार एकतीसला संपतोय, तो वाढणार नाही एवढं सांगितलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

अहवालाचं प्रकाशन झालं. शाली, नारळ आणि खुर्च्या मोजायचं काम माझ्याकडं.

'अरब समाजाचे प्रतिनिधी' म्हणून अवदकाकांना मंचावर बसवलं होतं. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर शाल. सरांनी पडद्यावर दोन खांब दाखवले, निळा उंच, तांबडा ठेंगणा. इराकी पुढे, इतर अरब मागे, कारण शिक्षणाची ओढ, वगैरे. टाळ्या. मग अवदकाकांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

त्यांनी माइक हातात घेतला. "साब ने बोला हम पीछे हैं. ठीक है, होएंगे. एकइच बात पूछना था. वो जो ऊँचा वाला है, वो कितने घर हैं?"

सरांनी हसून माझ्याकडं हात केला. म्हणजे पुढचा तक्ता लाव, असा इशारा असावा. मी सगळ्यात मागं, शालींच्या खोक्यापाशी उभी होते.

"दहा," मी म्हटलं. माइक नव्हता, तरी गेलं ऐकू. "दहा घरं आहेत. त्यातलं एक सोडलं तर निळा खांब तांबड्याच्या खाली जातो. अकरावं घर होतं, ते माझ्या चुकीमुळं निघून गेलं. ते असतं तरी निळा खालीच गेला असता. आणि तांबड्यात दीडशे वर्षांपूर्वी आलेले आणि नऊ वर्षांपूर्वी आलेले एकत्र मोजलेत. यावरून कुणी पुढं किंवा मागं आहे असं म्हणता येत नाही."

सभागृहात शांतता झाली असं म्हणणं खोटं ठरेल. पहिल्या रांगेतले एक पाहुणे फोनवर बोलत होते. सर म्हणाले, "या पद्धतीच्या मर्यादा परिशिष्टात दिलेल्या आहेत," आणि चहाची घोषणा झाली. परिशिष्ट मी टाइप केलंय. त्यात मर्यादा नाहीत.

चहापाशी अवदकाका म्हणाले, "नौकरी गई?" म्हटलं, आधीच गेली होती. त्यांनी त्यांची शाल माझ्या हातात दिली. म्हटलं, काका, खोक्यात अशा अकरा आहेत, मला मोजून परत द्यायच्यात. मग त्यांनी ती परत घेतली.

सरांनी बाहेर जाताना सांगितलं, उद्यापासून आलं नाही तरी चालेल.

२८ डिसेंबर, रविवार

घरी बसून नऊ दिवस झाले. आबांनी एकदाही विचारलं नाही की आता काय. त्याचाच जास्त राग येतो.

आज बेगमपुऱ्यात गेले. सुहैरला सांगायचं होतं की वही आता कुणाच्या हाती लागणार नाही, शिकवणी परत सुरू केली तरी चालेल. दारावर दुसऱ्याच कुणाची तरी नावाची पाटी, वाळत टाकलेले लहान मुलाचे कपडे.

शेजारच्या सरूबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, गेल्या की त्या मायलेकी. कधी? पाच-सहा तारखेच्या पुढं कधीतरी, टेम्पो आला होता सकाळी. अशा घाईत का, ते नाही सांगितलं. दहावीचं वर्ष, शाळा लांब पडत असेल. शाळा तशी इथून चालत दहा मिनिटांवर आहे, पण क्लास असेल कुठं लांब. असेल काहीतरी.

सरूबाई म्हणाल्या, "पोरीनं नवा पत्ता देऊन ठेवलाय माझ्यापाशी. शाळेचं काही टपाल आलं तर म्हणून. लिहून घेतीस का?"

पिशवीतून पेन काढलं होतं, सवयीनं. टोपणही उघडलं होतं.

"नको," म्हटलं. "कुणालाच देऊ नका. मी परत आले तरी."

मी टोपण लावून पेन परत ठेवलं. मेथीची एक जुडी सरकवून सरूबाई म्हणाल्या, "बस मग. दोघी मिळून लवकर हुईल."

बसले. त्यांनी मला काहीच विचारलं नाही, मीही त्यांना.